देव पुरवतो, म्हणजे नेमकं कोण पुरवतं?

(पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटची प्रश्नोत्तरं थोडी आवरती घेतली आहेत.)

आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या कानावर दोन तक्रारी आल्या. एक म्हणाले, "साहित्याच्या व्याख्यानमालेत चर्चचं काय काम?" दुसऱ्या बाई चर्चला नियमानं जाणाऱ्या. त्यांनी फोनवर विचारलं, "विश्वासाची समीक्षा कशी करणार तुम्ही? तो असतो किंवा नसतो." दोन्ही तक्रारी आम्ही गांभीर्यानं घेतल्या आहेत. बोलण्याच्या ओघात दोघांनाही उत्तर मिळावं अशी इच्छा आहे. नाही मिळालं तर शेवटी प्रश्न विचारायला वेळ ठेवलाय.

आधी 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगतो. आम्ही सहाजण गेलं वर्षभर दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचतोय. आमच्यातले दोघे ख्रिस्ती घरातले आहेत, एकजण रोज पूजा करणारे, बाकीचे असेतसेच. त्यामुळे आज जे बोलू त्यातलं सगळं सहाहीजणांना मान्य आहे असं नाही. मतभेद आहेत तिथे तसं सांगू.

पुस्तकं कुठली? एक पंडिता रमाबाईंचं, 'अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर'. 1907 साली केडगावच्या मुक्ती मिशननं ते छापलं. लिहिलं इंग्रजीत, पण लिहिणारी बाई आपली आणि हकिगतही आपली. दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. त्याचा पहिला भाग 1934 साली आला. दोघीही ख्रिस्ती झाल्या आणि दोघींच्याही पुस्तकाच्या मुळाशी एकच वाक्य आहे: देव पुरवील. आमचा प्रश्न अगदी घरगुती आहे. हे वाक्य घरात कुणीतरी उच्चारल्यावर पुढे स्वयंपाकघरात काय होतं?

मराठीत या क्रियापदाची मोठी गंमत आहे. 'पुरवणे' म्हणजे आणून देणे, उणं पडू न देणे. देव पुरवतो, सरकार पाणी पुरवतं, तो हा अर्थ. पण आजी नातीला सांगते, "तूप पुरवून पुरवून वापर गं." इथे पुरवणं म्हणजे आहे तेवढ्यातच भागवणं. आणि तिसरा अर्थ हट्ट पुरवण्याचा, लाड पुरवण्याचा. देणारा, भागवणारी आणि हट्ट करणारा, तिघंही एकाच क्रियापदात बसलेले. श्रद्धेची भाषा बोलताना आपण फक्त पहिला अर्थ धरतो. उरलेले दोन अर्थ जगणारं माणूस मात्र त्याच घरात असतं.

रमाबाईंपासून सुरुवात करू.

रमाबाईंच्या घराला परमेश्वरावर विश्वास कमी होता असं कुणीच म्हणणार नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. सारं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडणारं. जे होतं ते व्रतांत, दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेलं. मग दक्षिणेत दुष्काळ आला. विकण्यासारखं होतं ते विकून झालं आणि उपास घडू लागले. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं मनाशी ठरवलं होतं, इथवर पाळी आली. 1874 साली वडील गेले. पाठोपाठ आई गेली, मोठी बहीण गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या.

आई शेवटच्या दिवसांत काहीतरी खायला मागत होती, ही आठवण रमाबाईंनी लिहून ठेवली आहे. त्या शेजारच्या घरी भाकरी मागायला जातात, पण तोंडातून शब्दच फुटत नाही. नुसतं रडू येतं. त्या घरची बाई बाजरीची भाकरी देते. रमाबाई ती घेऊन येतात. आईला ती खाता येत नाही. ती त्याच्या पलीकडे गेलेली असते. पुढे आईला स्मशानात न्यायचं तर माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ, आणि चौथ्याच्या जागी रमाबाई. उंची कमी पडली म्हणून तिरडीचं आपल्या बाजूचं टोक त्यांनी डोक्यावर घेतलं.

आमच्या बैठकीत हा भाग मोठ्यानं वाचला, तेव्हा नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. रमाबाईंच्या सगळ्या लेखनात इतकं खरं आणि इतकं उघडं दुसरं काही नाही, असं आम्हा सहाहीजणांचं मत आहे. हा एक मुद्दा एकमतानं.

आता समीक्षकाला पडणारा प्रश्न. देवावर भार टाकलेल्या आईबापांना जिनं भुकेनं मरताना पाहिलं, तीच बाई पुढे दोन हजारांच्या घरात गेलेला संसार 'देव पुरवील' या भरवशावर कशी मांडते?

रमाबाईंचं स्वतःचं उत्तर सरळ आहे. आपण चुकीच्या दारात उभे होतो, आता खरं दार सापडलं. हे उत्तर त्यांचं आहे, प्रामाणिक आहे, आणि ते खोडायला आम्ही इथे बसलेलो नाही. पण त्यांच्याच लिखाणात आणखी एक वाक्य आहे, आणि आमच्या मते खरी किल्ली तिथे आहे. त्या म्हणतात की भीक मागायला किंवा हलकी कामं करायला आम्हाला लाज वाटत होती, आणि पोट भरण्याची दुसरी कुठली विद्या आम्हाला येत नव्हती. बघा, पुराणं तोंडपाठ, संस्कृत अस्खलित, आणि पोटासाठी करता येईल असं हाताला एकही काम नाही. त्या घरात विश्वासाची वाण नव्हती. उणीव होती ती हाताची, आणि हाताला लागलेल्या लाजेची.

हे डोक्यात ठेवून केडगावला या. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की पन्नासेक किलोमीटरवर केडगाव स्टेशन लागतं. रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, 1890 साली ते पुण्याला आणलं. त्या वेळचा सगळा खर्च अमेरिकेतल्या मदतमंडळावर चाले. दहा वर्षांची हमी होती, वर्गणीदार ठरलेले होते. 1893 साली धर्मांतराच्या वादानं पुणं पेटलं, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. ती कथा आपल्याला पाठ आहे, तिच्यात आज शिरत नाही. या काळात रमाबाई वाचत होत्या ती पुस्तकं वेगळीच होती. ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्यूलर, चीनमध्ये मिशन काढणारे हडसन टेलर. कुणाकडे पैसा न मागता फक्त प्रार्थनेवर संस्था चालवणारी ही माणसं. हिंदुस्थानात असं का होऊ नये, असं रमाबाईंच्या मनानं घेतलं.

1896 साली लोणावळ्याला एक ख्रिस्ती शिबिर होतं. सदनातल्या 15 मुली तोवर ख्रिस्ती झालेल्या. तिथे रमाबाईंनी देवाजवळ मागितलं की या 15चा वर्ग कर, म्हणजे 225. आम्हाला ही प्रार्थना फार आवडते, आणि थोडी भीतीही वाटते. आपण देवाजवळ भाकरी मागतो. या बाईनं तोंडं मागितली! आणि तोंडं आलीही. त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला, आणि रमाबाई तिकडे जाऊन शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. एवढ्या जणींना शहरात ठेवायला सरकारची परवानगी मिळेना, म्हणून केडगावच्या माळावरच्या शेतात त्यांची सोय केली. 1900 सालच्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या.

'टेस्टिमनी' हे पुस्तक या सगळ्याची साक्ष देतं. साक्ष हा शब्द ख्रिस्ती मंडळींना नवा नाही. सभेत उठून आपला अनुभव सांगायचा. या प्रकाराची एक ठरलेली घडण असते: अडचण आली, प्रार्थना केली, उत्तर आलं, स्तुती असो. रमाबाईंसारख्या ताकदीच्या लेखिकेलाही ही घडण आवळते. आमची टीका इथे आहे, आणि ती आम्ही मऊ करणार नाही. साक्षीत पैसा 'येतो'. तो कुठल्या गावच्या, कुठल्या बाईनं, काय वाचून पाठवला, हे मागे राहतं. न मागण्याचं व्रत खरंच, पण मुक्तीहून 'प्रेअर बेल' नावाचं इंग्रजी पत्रक निघे आणि ते परदेशातल्या हितचिंतकांच्या हाती पडे. म्यूलर तर आपले हिशेब दरवर्षी छापत. गरज छापून कळवणं हेसुद्धा मागणंच आहे. त्यात वाईट काहीच नाही. फक्त ते मागणं आहे असं म्हणायला हवं होतं.

आणि दुसरी गोष्ट अधिक जड. साक्ष द्यायला तोच उभा राहतो ज्याला उत्तर मिळालं. दुष्काळातून आणलेल्या सगळ्याच मुली जगल्या नाहीत. काही इतक्या खंगलेल्या होत्या की अन्न समोर येऊनही उपयोग झाला नाही. रमाबाईंच्या आईसारखंच. त्या साक्ष द्यायला सभेत कधी उभ्या राहणार? हा प्रश्न आमच्यातल्या ख्रिस्ती मित्रानं काढला, पूजा करणाऱ्यांनी नव्हे, हे मुद्दाम नोंदवतो.

मग रमाबाईंचं पुस्तक फसलं का? नाही. पुस्तकात जे झाकलं गेलं ते केडगावच्या जमिनीवर उघडं आहे. तिथे विहिरी खणल्या, फळझाडं लावली, माग घातले, तेलाचा घाणा चालवला, गाईगुरं पाळली, छापखाना काढला. अक्षरजुळणी करायला बायकाच. जिच्या बापाला हातानं काम करायची लाज वाटली, तिनं प्रत्येक मुलीच्या हाताला काम शिकवलं. प्रार्थना रात्री आणि कुदळ सकाळी. केडगावचा विश्वास वाचायचा असेल तर 'टेस्टिमनी'च्या पानांइतकंच त्या विहिरींकडे बघावं लागतं, असं आम्ही म्हणू. याच छापखान्यासाठी त्या शेवटपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. 1922 साली त्या गेल्या. भाषांतर 1924 साली पुरं छापून निघालं.

आता लक्ष्मीबाई. पण त्यांच्याकडे जायची वाट देहूवरून आहे, तेव्हा थोडं तिकडून जाऊ.

नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांच्या ख्रिस्ती भजनांना अभंगाची चाल आहे, हे सगळे जाणतात. पण तुकोबांच्या पुलावरून येताना टिळकांनी तुकोबांचा संसारही सोबत आणला, हे कुणी म्हणत नाही! (हशा.) उसाची गोष्ट आठवते ना? तुकोबांना कुणी उसाची मोळी दिली, वाटेत पोरांनी मागितला तसा ऊस वाटत आले, घरी पोचला एकच. आवलीनं तोच त्यांच्या पाठीत घातला. त्याचे दोन तुकडे झाले, आणि तुकोबा म्हणे हसले की वाटणी बरी झाली. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि तुकोबांच्या बाजूनं हसतो. आवलीच्या घरात त्या दिवशी चूल पेटली होती की नाही, हे गोष्टीत नाही. आवली कजाग होती असं ठरलं आणि विषय मिटला. तिला कुणी विचारलं नाही, आणि तिला लिहिता येत नव्हतं.

'स्मृतिचित्रे' हे आवलीनं लिहिलेलं पुस्तक आहे. आज आमचं मुख्य म्हणणं काय असेल तर एवढंच.

जरा उलगडून सांगतो. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868चा, नाशिकजवळ जलालपूरचा. वडिलांचं सोवळं इतकं कडक की मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायचे. लहानपणीच टिळकांशी लग्न. टिळक म्हणजे देवमाणूस आणि घरात देवमाणूस असणं फार महाग पडतं. हातातला पैसा समोरच्या गरजवंताच्या हाती जायचा, नोकरी सुटायची किंवा सोडली जायची, पाहुण्यांना सुमार नाही, आणि स्वारी न सांगता कुठे निघून जाईल त्याचा नेम नाही. 1895 साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही बायकोला न सांगता. पुढची काही वर्षं ताटातूट. 1900 साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. मग राहुरी, त्या वेळचं अहमदनगर, प्लेग, दुष्काळातली पोरकी मुलं, आणि घरात येऊन राहिलेले कितीजण. त्यांतला एक त्र्यंबक ठोमरे. आपण त्याला बालकवी म्हणतो. त्याच्या कवितेतल्या निसर्गाबद्दल ढीगभर लिहून झालंय. त्या दिवसांत त्याला रोज वाढत कोण होतं, ते 'स्मृतिचित्रे' वाचल्यावर कळतं.

1917 साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यास घेतला. 'देवाचा दरबार' काढायचा होता. ख्रिस्ताला मानणारे सगळे एकत्र यावेत, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही. कल्पना थोर, आमच्या मते काळाच्या खूप पुढची. पगार बंद. आता देव पुरवील. लक्ष्मीबाई तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या. संन्यास एकाचा, पण महिन्याचा हिशेब तर दोघांचा!

इथे आमच्यात दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, लक्ष्मीबाई हसत हसत टिळकांचा हट्ट पुरवतात आणि वाचकही हसतो, त्यामुळे टिळकांना त्यांच्या बेफिकिरीचा जाब कधी द्यावाच लागत नाही. त्यांच्या मते हे हसू म्हणजे पांघरूण आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हे हसू म्हणजेच जाब आहे. जी बाई पन्नास वर्षांनंतरही नेमका प्रसंग, नेमकी रिकामी झालेली जागा आणि नेमकं कुणी काय केलं ते सांगू शकते, तिनं काहीही माफ करून विसरलेलं नाही. ती विसरत नाही आणि तरी प्रेम करते. आमचा कल दुसऱ्या बाजूला जास्त आहे. पण पहिल्या बाजूचं तोंड बंद झालेलं नाही, आणि होऊही नये.

एक मात्र ठाम सांगतो. मराठी समीक्षेनं या पुस्तकाला अर्धंच वाचलं. शाळेत आपण एखादा उतारा वाचतो, विनोद बघा, भाषा कशी नितळ, शाळेत न गेलेली बाई कशी लिहिते. हे सगळं खरं आहे. पण त्यातला ख्रिस्त जणू घराला आलेला एखादा अपघात, तो ओलांडून पुढे जायचं, असंच आपले टीकाकार वागले. आणि चर्चमधल्या पुष्कळ वाचकांनी उलट केलं. त्यांनी धर्मांतराची कथा उचलली आणि हसू खाली ठेवलं. दोन्हीकडून पुस्तकाचे उसासारखे दोन तुकडे झाले.

खरं तर विश्वास आणि हसू या पुस्तकात वेगळे काढताच येत नाहीत. लक्ष्मीबाई देवावर विसंबतात, पण डोळे मिटून नाही. डब्यात किती आहे ते बघून विसंबतात. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात पाखरांचा दृष्टान्त आहे, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात. पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, तरी बाप त्यांना खाऊ घालतो, असा त्याचा आशय. टिळक फुलांमुलांचे कवी, त्यांना हा दृष्टान्त जवळचा वाटला नसता तरच नवल. पण त्याच टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता बघा. जखमी पक्षीण, आणि तिचा जीव घरट्यातल्या पिल्लांत अडकलेला. पाखरांना देव खाऊ घालतो, मान्य. पण पिलाच्या चोचीत दाणा घालायला पक्षीणच हवी. टिळकांमधल्या कवीला हे कळत होतं. संन्याशाला किती कळलं, याबद्दल आम्हाला शंका आहे.

आता हाताचा शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या गावाच्या जिव्हारी लागणारा आहे. देव पुरवतो ते कुणाच्या तरी हातानं. मग प्रश्न येतो, कुणाच्या? महाराष्ट्रात हा प्रश्न कधीच निरागस नव्हता. याच पुण्यात 1890 साली पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून केवढा गहजब झाला, ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तं झाली. एक कप चहा! शारदा सदनातही सुरुवातीला सोवळ्याची, वेगळ्या स्वयंपाकाची सोय होती. लक्ष्मीबाई टिळकांकडे परत आल्या तेव्हा ते ख्रिस्ती आणि या सोवळ्यात, एकाच संसारात दोन पाणी.

मीठ धुऊन घेणाऱ्या बापाची ही मुलगी. तिच्या मनातली जात जाते तो प्रसंग तिनं लिहिलाय. कुणाचं प्रवचन ऐकून ती जात गेली नाही. बसल्या बसल्या तिनं स्वतःशी विचार केला की हे भेद देवानं केले की माणसानं, आणि उत्तर मिळाल्यावर त्यानंतर कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा नंतरचा. आमच्या वाचनात पुस्तकाचा कणा हाच प्रसंग आहे. देव पुरवील यावर विश्वास ठेवायचा असेल, तर तो ज्याच्या हातून पाठवील तो हात नाकारता येत नाही. नाकारायचा असेल तर मग देवाला सांगायला हवं की पाठव, पण सोवळ्यातून पाठव. रमाबाईंना भाकरी देणाऱ्या त्या शेजारणीची जात काय होती ते आम्हाला माहीत नाही. भाकरी बाजरीची होती, एवढं रमाबाईंच्या लक्षात राहिलं.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ.

(एका श्रोत्यानं विचारलं: आज चर्चमध्ये आणि बाहेरही 'प्रार्थना करा, गाडी मिळेल, घर मिळेल' असं सांगणारे पुष्कळ आहेत. रमाबाईंची परंपरा तीच नाही का?)

चांगला प्रश्न आहे. बाहेरून बघितलं तर सारखंच दिसतं. फरक आम्ही मघाशी सांगितला त्यात आहे. रमाबाईंनी तोंडं मागितली. गाडी मागणाऱ्याच्या घरात खाणारी तोंडं तेवढीच राहतात. पण साक्षीच्या घडणीचा जो दोष आम्ही दाखवला तो दोन्हीकडे आहे, आणि रमाबाईंचं नाव घेऊन तो झाकू नये.

(दुसरा प्रश्न, मागच्या रांगेतून एका बाईंचा: आमच्या घरी सासरे असंच म्हणायचे, देव बघून घेईल. आणि खरंच निभावलं हो प्रत्येक वेळी. त्यांचा विश्वास खोटा होता असं तुम्हाला म्हणायचंय का?)

नाही, अजिबात नाही. निभावलं हे खरंच आहे, आणि ते निभावणं देवाचं होतं असं सासऱ्यांना वाटलं तर त्यात आम्ही पडणार नाही. आम्ही एवढंच विचारू, त्या वेळी घरात काय काय कमी केलं गेलं ते कुणाला आठवतं? (बाई: मला आठवतं. सासूबाईंनाही आठवायचं.) मग तुम्ही दोघींनी मिळून 'स्मृतिचित्रे'चं एक पान लिहिलंच आहे, कागदावर उतरवायचं राहिलं. टिळकांनी 'ख्रिस्तायन' सुरू केलं, थोडे अध्याय लिहिले, 1919 साली गेले. पुढचं बहुतेक सगळं लक्ष्मीबाईंनी लिहून काढलं. सुरू करणारे आणि पुरं करणारे, असं त्या घरात शेवटपर्यंत चाललं.

(तिसरा प्रश्न: तुम्ही सहाजण वर्षभर हे वाचताय. तुमच्यातल्या कुणाचं मत बदललं का?)

एकाचं थोडं बदललं. कुणाचं ते सांगायची परवानगी नाही! 'देव पुरवील' असं कुणी म्हटलं की ते पूर्वी चिडायचे. आता ते म्हणतात, "बरं, मग काय काय आणायचंय ते सांगा."

वेळ संपत आलीय. एक सूचना. पुढच्या महिन्यात एका रविवारी आम्ही काहीजण दौंडच्या गाडीनं केडगावला जाणार आहोत. यायचं असेल त्यांनी बाहेर टेबलावर वही ठेवलीय, तिच्यात नाव लिहा. जेवणाची सोय आम्ही केलेली नाही, डबा आपापला आणायचा. कुणी दोन भाकऱ्या जास्तीच्या आणल्या तर त्या वाया जाणार नाहीत.